अपग्रेडनंतर सर्व्हर मंदावला तेव्हा: मेमरीचा एक डिफॉल्ट आणि आमची झेडएफएस

आमच्या अंबाजोगाईच्या ग्रंथालयात एक खोली जुन्या पुस्तकांच्या स्कॅनिंगसाठी राखलेली आहे. निजामाच्या काळातली मराठी आणि उर्दू पुस्तकं, अहवाल, शाळांची दप्तरं, काही हस्तलिखितं. कित्येकांवर अजून ‘मोमिनाबाद’चा शिक्का आहे, कारण तेव्हा गावाचं सरकारी नाव तेच होतं. पानं इतकी ठिसूळ झालीत की एकदा स्कॅन झालेलं पुस्तक आम्ही पुन्हा उघडत नाही. म्हणून स्कॅनच्या फाइलचा एक बाइटही बिघडता कामा नये, ही आमची पहिली अट. दर शनिवारी ग्रंथालय बंद झाल्यावर सर्व्हर सगळ्या फाइल वाचतो, प्रत्येकीचा चेकसम (फाइलवरून काढलेली खूण-संख्या, एक बाइट बदलला तरी ती बदलते) जुन्या नोंदीशी ताडून बघतो आणि मग नवीन कामाची बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत काढतो.

मी कनिष्ठ महाविद्यालयात संगणक शिकवते आणि ग्रंथालयाचा हा सर्व्हर सांभाळते. मे ते ऑगस्ट २०२३ मध्ये त्याची जी दुरुस्ती झाली ती तारखांसकट लिहून ठेवते आहे. तालुक्याच्या ठिकाणी असा सर्व्हर एकट्याने सांभाळणारे बरेच जण आहेत आणि अडल्यावर विचारायला शेजारी कोणी नसतं, हे मला ठाऊक आहे.

सर्व्हर जुना, २०१३-१४ च्या काळातला झिऑन प्रोसेसर असलेला, एका देणगीदाराने दिलेला. ६४ जीबी रॅम. डेटासाठी २ टीबीच्या चार साटा एसएसडी, दोन-दोनच्या आरशासारख्या जोड्या करून झेडएफएसमध्ये, म्हणजे डिस्कवर फाइल मांडून सांभाळणाऱ्या एका फाइल सिस्टिममध्ये, बसवलेल्या. डेटा सुमारे तीन टीबी. ऑपरेटिंग सिस्टिम उबुंटू १८.०४.

या १८.०४ चा नेहमीचा सपोर्ट ३१ मे २०२३ ला संपणार होता, म्हणजे त्यानंतर सुरक्षेचे पॅच आपोआप येणार नव्हते. मेमध्ये कॉलेजला सुट्टी असते, म्हणून १३ मेच्या शनिवारी काम सुरू केलं. १८.०४ वरून थेट २२.०४ वर उडी घेता येत नाही, मध्ये २०.०४ वर थांबावं लागतं. बाहेर बेचाळीस अंश तापमान, खोलीत एक कूलर आणि सर्व्हरचा पंखा. रविवारी संध्याकाळी २२.०४ सुरू झाली, झेडएफएसचा पूल (चारही एसएसडी मिळून झालेली साठवण) जसाच्या तसा दिसला, सगळ्या फाइल जागेवर होत्या. इथे एक सूचना: अपग्रेडनंतर ‘पूलमध्ये नवी वैशिष्ट्यं सुरू करता येतील’ असा संदेश येतो. तो पूल-अपग्रेड लगेच करू नका. एकदा केला की जुन्या आवृत्तीकडे परतायची वाट बंद होऊ शकते. मी तो तसाच ठेवला होता.

२० मेच्या शनिवारी पडताळणीला उशीर झाला. एरवी ४०-४२ मिनिटं लागायची, त्या रात्री ५७ लागली. पुढच्या शनिवारी ५६.

पंधरा मिनिटांचं एवढं काय, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. आमच्याकडे शॉर्ट सर्किटच्या भीतीने रात्री मेन स्विच बंद करायचा नियम आहे. पुस्तकांच्या इमारतीत तो असलाच पाहिजे. आठला वाचक जातात, सर्व्हरचं काम सव्वानऊच्या आसपास संपतं, तो आपोआप बंद होतो आणि शिपाईमामा मेन स्विच पाडून कुलूप लावतात. मामांच्या गावाला जाणारी मुक्कामी एसटी ९.४० ला सुटते. त्या दोन्ही शनिवारी ती हुकली आणि मामा ग्रंथालयातच सतरंजी टाकून झोपले. “मॅडम, अजून किती टाइम लागंल? गाडी जाईल की ओ,” असं ते दारातून विचारत होते आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तात्पुरता उपाय म्हणून अर्ध्या फाइल एका शनिवारी आणि अर्ध्या पुढच्या शनिवारी अशी वाटणी केली. मला ती पटत नव्हती. एखादी फाइल बिघडलीच तर ते कळायला दोन आठवडे लागणार, आणि बाहेरच्या डिस्कवरच्या जुन्या प्रतींच्या जागी तोवर नव्या आलेल्या असणार.

पहिला संशय एसएसडीवर. ५ जूनला लातूरला गेले. त्या मार्चपासून महिलांना एसटीचं अर्धं तिकीट झालं होतं, त्यामुळे जाण्यायेण्याचा खर्च हलका होता. दुकानदाराने माझं म्हणणं ऐकलं आणि सांगितलं की साटा एसएसडी आता जुन्या झाल्या, एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान एसएसडी) घ्या, सोबत अ‍ॅडॅप्टर कार्ड घ्या. कोटेशन निघालं ६८,००० रुपयांचं. आमच्या ग्रंथालयाला एवढा खर्च करायचा तर तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, कार्यकारी मंडळाचा ठराव आणि मग खरेदी अशी पद्धत आहे. वर्षअखेर ऑडिटला हे सगळे कागद दाखवावे लागतात. आणखी दोन दुकानांतून कोटेशनं मागवली, पण मन मानेना. आदल्या आठवड्यापर्यंत ठणठणीत असलेल्या चारही एसएसडी एकदम म्हाताऱ्या कशा होतील?

म्हणून पैसे मागण्याआधी मोजमाप करायचं ठरवलं. ज्यांना पुढे असं करावं लागेल त्यांच्यासाठी हा भाग सावकाश लिहिते.

आधी डिस्कची तब्येत. चारही एसएसडींचे स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) काढले, पूलचं स्क्रब, म्हणजे झेडएफएसची स्वतःची पूर्ण तपासणी, चालवलं. एकही चूक नाही. मग झेडएफएसला बाजूला ठेवून प्रत्येक एसएसडी थेट वाचून बघितली. प्रत्येकीचा वेग सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास, म्हणजे साटाची जी मर्यादा आहे तिथपर्यंत. अर्थात डिस्क पूर्वीसारखीच देत होती, घेणाऱ्याच्या बाजूला काहीतरी अडत होतं.

दुसरा धागा बाहेरच्या हार्ड डिस्कने दिला. प्रत काढायला पूर्वी पंचवीसेक मिनिटं लागायची, अपग्रेडनंतरही तेवढीच लागत होती. ती डिस्क मुळात हळू, त्यामुळे प्रोसेसर आणि मेमरीला तिथे भरपूर उसंत मिळते. वेगाने वाचायचं तेव्हाच मंदपणा दिसतो, हळू वाचताना दिसत नाही. याचा अर्थ जास्तीचा वेळ प्रोसेसर किंवा मेमरीत जात होता.

मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या दोषांच्या बंदोबस्ताचाही विचार केला. जानेवारी २०१८ मध्ये ते दोष जाहीर झाले आणि त्यांच्या पॅचमुळे बरीच यंत्रं मंदावली हे सर्वांना माहीत आहे. पण ते पॅच आमच्या १८.०४ वरही आलेले होते, त्यामुळे आताचा फरक त्यांच्या माथी मारता येत नव्हता. ‘मिटिगेशन्स ऑफ’ करून टाका, सगळं पळायला लागेल, असा सल्ला सर्रास दिला जातो. मी तो मानला नाही. सगळी कुलपं एकदम काढल्यावर कोणत्या कुलपाने अडलं होतं हेही कळत नाही.

१० जूनला मोजायला बसले तर वळवाच्या पावसाने लाइट गेली. यूपीएसवर अर्धवट पडताळणी थांबवावी लागली आणि तो शनिवार वाया गेला.

१७ जूनला पडताळणी चालू असताना ‘पर्फ टॉप’ लावून बसले. हे साधन फुकट आहे, चालू कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) आवृत्तीचं लिनक्स-टूल्स पॅकेज बसवलं की मिळतं. कर्नलमधलं कोणतं काम प्रोसेसरचा किती वेळ खातंय ते सतत दिसत राहतं. माझी अपेक्षा होती की सर्वात वर चेकसम किंवा एलझेडफोर (फाइल दाबून लहान करायची पद्धत) उकलण्याचं काम दिसेल. सर्वात वर होतं ‘क्लिअर पेज’. मेमरीचं पान शून्यांनी भरून कोरं करणारं काम. फाइल वाचायची आहे, लिहायचं काही नाही, आणि यंत्र पानं कोरी करत बसलंय.

बूटच्या वेळचे कर्नलचे संदेश बघितले. त्यात ‘मेम ऑटो-इनिट’ अशी एक ओळ असते. तीत लिहिलं होतं: हीप अलॉक ऑन, हीप फ्री ऑफ.

ही गोष्ट नेमकी काय आहे ते समजून घ्यायला मला दोन-तीन संध्याकाळी लागल्या. एखाद्या प्रोग्रामला कर्नल मेमरी देतो तेव्हा ती पहिल्यापासूनच पुसून दिली जाते. पण कर्नलचे स्वतःचे भाग, जसे ड्रायव्हर, फाइल सिस्टिम, एकमेकांत मेमरी घेतात तेव्हा ती मागणाऱ्याने सांगितल्याशिवाय पुसली जात नसे. आधीच्या वापराचे अवशेष तिच्यात राहतात. कर्नलच्या एखाद्या भागात चूक असेल आणि न भरलेली मेमरी तशीच बाहेर गेली, तर कुणाचा पासवर्ड, कुणाची किल्ली बाहेर पडू शकते. असे दोष वर्षानुवर्षं सापडत आलेत. म्हणून २०१९ च्या लिनक्स ५.३ मध्ये दोन पर्याय आले. ‘इनिट ऑन अलॉक’ म्हणजे मेमरी देताना पुसायची, ‘इनिट ऑन फ्री’ म्हणजे परत घेताना पुसायची. उबुंटूने आपल्या नव्या कर्नलांत यातला पहिला मुळातच, म्हणजे डिफॉल्ट म्हणून, चालू ठेवला. १८.०४ च्या ४.१५ कर्नलमध्ये तो पर्यायच नव्हता. २२.०४ च्या ५.१५ मध्ये तो आहे आणि चालू आहे.

कर्नलच्या कॉन्फिगरेशनमधल्या टिपेत खर्चाचा अंदाजही दिलेला आहे. देताना पुसण्याचा भार बहुतेक कामांत एक टक्क्याहून कमी, काही कृत्रिम चाचण्यांत सात टक्क्यांपर्यंत. परत घेताना पुसण्याचा भार बहुतेकदा तीन ते पाच टक्के. हे आकडे वाचून माझा गोंधळ वाढला होता, कारण आमचा फरक त्याहून कितीतरी मोठा होता.

उत्तर झेडएफएसच्या रचनेत आहे. तिची स्वतःची कॅशे (वाचलेला डेटा पुन्हा चटकन मिळावा म्हणून मेमरीत राखलेली जागा) असते, आर्क नावाची, आणि आमच्या आवृत्तीत लिनक्सवर तिची मर्यादा एरवी रॅमच्या निम्मी होती, म्हणजे आमच्याकडे ३२ जीबी. डेटा मात्र तीन टीबी. पडताळणीत प्रत्येक फाइल एकदाच वाचली जाते, त्यामुळे आर्क सतत रिकामी होते आणि भरते. दर वेळी नवी मेमरी मागावी लागते. मेमरीचं एक पान ४ केबीचं. आमचा रेकॉर्डसाइझ (झेडएफएस फाइलचे ज्या मापाचे तुकडे करते ते माप) १ एमबी, म्हणजे एका रेकॉर्डला २५६ पानं. तीन टीबी एकदा वाचायचे तर सत्तर कोटींहून जास्त पानं. त्यात आमच्या स्कॅनच्या टिफ फाइल एलझेडफोरने दाबलेल्या आहेत. डिस्कवरून आलेला दाबलेला तुकडा ठेवायला एकदा मेमरी, आणि तो उकलून ठेवायला दुसऱ्यांदा. दोन्ही वेळा कर्नल ती शून्यांनी भरतो आणि पुढच्याच क्षणी झेडएफएस त्या शून्यांवर खरा डेटा लिहिते. जुन्या झिऑनची मेमरी आजच्या मानाने हळू. चार एसएसडी मिळून सेकंदाला जीबीच्या वर डेटा ओततायत आणि त्याच अरुंद वाटेवरून हे शून्यांचं ओझंही चाललंय.

हे कळलं त्या रात्री मला खरोखर हायसं वाटलं. एसएसडी चांगल्या होत्या. फाइल सुरक्षित होत्या. ६८,००० रुपये खर्चून नव्या एसएसडी आणल्या असत्या तर त्यांनी आणखी वेगाने डेटा दिला असता आणि पुसण्याचं ओझं जिथल्या तिथे राहिलं असतं.

आता पर्याय बंद करायचा तर तो सुरक्षेचा पर्याय. यंत्र सांभाळत असले तरी हा निर्णय माझा एकटीचा नव्हे असं माझं मत होतं आणि आहे. १९ जूनला कार्यकारी मंडळाच्या नावे दीड पानी अर्ज दिला. सचिव अप्पा तेव्हा दिंडीबरोबर पंढरपूरच्या वाटेवर होते. आषाढी २९ जूनला झाली, अप्पा परतले, अजेंडा निघाला आणि बैठक लागली ९ जुलैच्या रविवारी. तोवर मामांच्या गाडीसाठी वाटणीची पद्धतच चालू राहिली.

बैठकीला अध्यक्ष गुरुजी होते, गणिताचे निवृत्त शिक्षक. मी त्यांना पाटीचं उदाहरण दिलं: प्रत्येक मुलाला पाटी देताना पुसून द्यायची, मग तो ती पूर्ण भरून टाकणार असला तरी. गुरुजींनी लगेच विचारलं, “मॅडम, मग पुसायचा नियम कशापायी काढला? न पुसता दिली तर कुणाचं काय दिसंल, ते आधी सांगा.”

हाच खरा प्रश्न होता. मी अर्जात लिहिलेलं पुन्हा समजावून सांगितलं. हा सर्व्हर इंटरनेटवरून कुणाला दिसत नाही. त्यावर लॉगिन फक्त मोजक्या माणसांचं. त्यातला डेटा म्हणजे जुन्या पुस्तकांची पानं, जी आपण लोकांना दाखवायलाच स्कॅन करतोय. तरीही कर्नलमध्ये पुढे कधी असा दोष निघाला, तर या यंत्रावर एक अडसर कमी असेल. बाकीचे पॅच वेळेवर बसवत राहायचे. आणि सभासदांचे फोन नंबर, पत्ते, अनामत रकमा ज्या दुसऱ्या संगणकावर आहेत, त्याच्या कोणत्याही पर्यायाला हात लावायचा नाही. एका सदस्यांनी विचारलं, “दुकानदार तर नवीन घ्या म्हणालाय, मग तुम्ही हे कशाला करायलाव?” मी त्यांना १७ जूनच्या मोजणीचा कागद दाखवला.

ठराव झाला तो असा: आधी एक शनिवार तात्पुरती चाचणी, फरक दिसला तरच कायम, आणि सर्व्हरच्या नोंदवहीत कारणासह नोंद. गुरुजींनी त्यात एक वाक्य वाढवायला लावलं, की हा बदल फक्त याच यंत्रापुरता. मला ते फार आवडलं.

तात्पुरती चाचणी सोपी आहे आणि कुणीही आधी तीच करावी. सर्व्हर सुरू होताना ग्रबचा (लिनक्स सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा) मेनू आला की ‘ई’ दाबायचं, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून इनिट ऑन अलॉक हे तीन इंग्रजी शब्द अंडरस्कोरने जोडून, पुढे बरोबरचं चिन्ह आणि शून्य लिहायचं, मग एफ-१० दाबायचं. मेनू दिसत नसेल तर सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप की दाबून बघावी, यंत्राप्रमाणे ती बदलते. हा बदल त्या एका बूटपुरताच टिकतो, पुढच्या वेळी आपोआप जातो. बूट झाल्यावर ‘मेम ऑटो-इनिट’ची ओळ पुन्हा वाचायची. तीत हीप अलॉक ऑफ दिसलं तरच मोजायला बसायचं, नाहीतर मोजण्याला अर्थ नाही.

१५ जुलैला हे केलं. सगळ्या फाइल एकत्र, वाटणी न करता. पडताळणी ४५ मिनिटांत संपली. पर्फच्या यादीत आता चेकसमचं काम सर्वात वर होतं, क्लिअर पेज पार खाली गेलं होतं. सव्वानऊनंतर थोड्या वेळात सर्व्हर बंद झाला आणि मामा वेळेत स्टँडवर पोचले.

पूर्वीची ४०-४२ मिनिटं मात्र पूर्ण परत आली नाहीत. तीन-चार मिनिटांचा फरक राहिलाच, मधल्या काळात स्कॅनही वाढलेत. मी त्याच्या मागे लागले नाही.

२२ जुलैला बदल कायम केला. ग्रबच्या डिफॉल्ट फाइलमध्ये कर्नलच्या ओळीत तोच पर्याय घातला, मूळ फाइलची प्रत तारीख घालून बाजूला ठेवली, अपडेट-ग्रब चालवलं, पुन्हा बूट केलं, पुन्हा ती ओळ वाचली. खर्च शून्य रुपये. तिन्ही कोटेशनं तुलनात्मक तक्त्यासह फाइलला लावून ठेवली, ऑडिटरने विचारलं तर खरेदी का झाली नाही याचा ठराव सोबत आहे.

मोजणाऱ्यांसाठी आणखी थोडं. आमचा सर्व्हर रोज बंद होतो म्हणून कॅशे रोज रिकामी मिळते. तुमचा चोवीस तास चालत असेल तर दोन्ही मोजण्यांआधी रीबूट करा, नाहीतर दुसरी मोजणी आर्कमधूनच भागेल आणि खोटा आनंद होईल. तुमचा पूल साध्या हार्ड डिस्कवर असेल तर बहुधा हा पर्याय बदलून काही मिळणार नाही, कारण तिथे डिस्कच सर्वात हळू असते. पर्फमध्ये क्लिअर पेज वर दिसत नसेल तर याला हात लावू नका. आणि ज्या यंत्रावर अनेक अनोळखी माणसं लॉगिन करतात, किंवा लोकांची खासगी माहिती आहे, तिथे थोडा मंदपणा सोसून हा डिफॉल्ट तसाच ठेवा असं मी ठामपणे म्हणेन. ज्यांनी तो चालू करून दिला त्यांनी विचार करूनच दिलाय.

ऑगस्टभर प्रत्येक शनिवारी पूर्ण पडताळणी वेळेत होत गेली. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृत महोत्सवाची सांगता होती, आणि त्या प्रदर्शनासाठी निवडलेल्या १९४८ च्या आसपासच्या कागदांचे स्कॅन महिनाभर दर आठवड्याला तपासून झालेले होते.

नोंदवहीच्या त्या पानावर शेवटी दोन सूचना लिहून ठेवल्यात, माझ्यानंतर सर्व्हर जो सांभाळेल त्याच्यासाठी. प्रत्येक कर्नल अपडेटनंतर ‘मेम ऑटो-इनिट’ची ओळ वाचावी. आणि ऑपरेटिंग सिस्टिम किंवा यंत्र बदललं की हा पर्याय आधी काढून टाकावा, डिफॉल्टवर मोजावं, आणि गरज उरली असेल तरच नव्या ठरावाने पुन्हा घालावा.